ब्लॉकचेन प्रोजेक्टची चॅट कम्युनिटी कशी लावायची: बेळगावच्या पोरांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

बाकीच्यांना कळावं म्हणून आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही चौघं टिळकवाडीत बसून कोल्हापुरी चपलेचा प्रोजेक्ट करायलायसा. अथणी-निपाणीकडच्या कारागिरानं जोड तयार केला की त्याला क्यूआर कोड, आणि कुणी बनवला, कधी बनवला ही नोंद पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर, सध्या सगळं टेस्टनेटवर, म्हणजे खऱ्या पैशाशिवाय चाचणीच्या चेनवर. एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे त्यात कारागीर, कॉलेजची पोरं, व्यापारी सगळे एकत्रच. टेलिग्रामवर ग्रुप काढला तर थोड्याच दिवसांत तिथं 'टोकन कधी', म्हणजे प्रोजेक्टचं स्वतःचं कॉइन कधी, आणि फुकट कॉइनच्या लिंका सोडून काही उरलं नाही. आता कुणीतरी चाळीस चॅनेलचं तयार डिस्कॉर्ड टेम्प्लेट दिलंय (डिस्कॉर्ड हे चॅट ॲप, त्यातल्या कम्युनिटीला सर्व्हर म्हणतात आणि आतल्या खोल्यांना चॅनेल), वर पैसे द्या दहा हजार मेंबर आणून देतो म्हणायलाय. घ्यावं का, आणि नाही घेतलं तर आपलं आपण कसं लावावं.

मेंबर घेऊ नका आणि टेम्प्लेट पण घेऊ नका. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, बेळगावात बसून बाहेरच्या प्रोजेक्टांचे डिस्कॉर्ड-टेलिग्राम सांभाळायचं, आणि माझं मत आता पक्कं झालंय की ब्लॉकचेनच्या कम्युनिटीत पहिलं काम एकच, आत आलेल्या नव्या माणसाला लगेच कळलं पाहिजे की हिथं प्रोजेक्टचा खरा आवाज कुणाचा. चॅनेल किती, बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्राम) कुठला, लोगो कसला हे सगळं त्याच्या मागनं येतं. दुसऱ्या कुठल्या ॲपचा ग्रुप असला आणि कुणी खोटी लिंक टाकली तर पासवर्ड बदलून भागतं बऱ्याचदा, हिथं माणसानं वॉलेटमधनं (क्रिप्टो ठेवायच्या ॲपमधनं) एकदा चुकीची सही, म्हणजे व्यवहाराला मंजुरी, दिली की पैसे गेले, उलटं फिरवणारी बँक मध्ये कुणी नाही. गल्लीतल्या गणपती मंडळाचं पावतीपुस्तक कुणाकडं असतं हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं, दुसरा कुणी पुस्तक घेऊन दारात आला तर म्हातारी पण विचारती तू कोण. तुमच्या सर्व्हरात तशी ओळख तयार झाली पाहिजे, आणि ती आपोआप होत नाही, मांडणीतनंच करावी लागते.

थोडा मागचा इतिहास सांगतो कारण त्यातनं कुठलं ॲप कशाला हे नीट कळतं. बिटकॉइनची सुरुवातीची चर्चा आयआरसी या जुन्या चॅट पद्धतीवर चालायची, फक्त मजकूर, फोटो नाही काही नाही, आणि तिथं जमणारे बहुतेक प्रोग्रामर. २०१७ मध्ये नव्या कॉइनांचा पूर आला तेव्हा बऱ्याच प्रोजेक्टनी स्लॅक धरलं, ते खरं तर ऑफिसच्या टीमसाठी बनवलेलं, त्यात रिमाइंडर लावायची सोय होती. चोरांनी तीच वापरली, स्लॅकच्याच बॉटच्या नावानं हजारो लोकांना मेसेज जायचा की तुमचं वॉलेट धोक्यात आहे, हिथं जाऊन वॉलेटची गुप्त किल्ली टाका. मेसेज सिस्टिमकडनं आल्यासारखा दिसायचा म्हणून लोक फसले, आणि प्रोजेक्टं तिथनं उठून टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर गेली. म्हणजे जागा बदलली ती सोयीसाठी कमी, खरा मेसेज कुठला आणि खोटा कुठला हे कळेना म्हणून जास्त.

आता तुमचं. तुमच्याकडं तीन तऱ्हेची माणसं आहेत आणि तुम्ही त्यांना एका खोलीत बसवलायसा, गोंधळ तिथनं सुरू होतोय. कारागीर आणि त्यांची पोरं व्हॉट्सॲप सोडणार नाहीत, सोडायला लावू पण नका. कोड लिहिणारे, डिझाइन करणारे, कॉलेजचे, यांना डिस्कॉर्ड बरं. आणि नुसतं काय चाललंय ते बघणारे, चप्पल घेणारे, पत्रकार, बाहेरगावचे, यांना टेलिग्रामचा चॅनेल पुरेसा. चॅनेल म्हणतोय, ग्रुप नव्हे. चॅनेलवर फक्त तुम्ही लिहिता बाकी वाचतात. टेलिग्रामच्या ग्रुपात दोन लाखापर्यंत माणसं बसतात हे ऐकायला लई भारी वाटतं पण आत बसलेला कुणीही कुणालाही पर्सनल मेसेज टाकू शकतो, आणि तुमचाच फोटो, तुमचंच नाव लावून 'सपोर्ट' म्हणून कुणीही येतो. युझरनेम प्रत्येकाचं वेगळं असतं खरं, पण दाखवायचं नाव आणि फोटो हुबेहूब लावता येतो, आणि युझरनेममध्ये पण इंग्रजी मोठा आय आणि छोटा एल एकसारखेच दिसतात, मोबाइलवर बघणाऱ्याला काय कळणार. म्हणून सध्याचा टेलिग्राम ग्रुप बंद करा. डिलीट नको, लिहायचं सगळ्यांचं बंद करून वर एक मेसेज पिन करा, यापुढं घोषणा अमुक चॅनेलवर, चर्चा डिस्कॉर्डवर. पुढं कधी ग्रुप परत उघडावा वाटला तर मेंबरची यादी लपवायची सोय आहे, शंभराच्या वर मेंबर असले की मिळते, ती चालू केल्याशिवाय उघडू नका, यादी दिसली की चोर एकेकाला गाठतो.

व्हॉट्सॲपचं वेगळंच आहे. तिथं ग्रुपात सगळ्यांना सगळ्यांचा नंबर दिसतो. व्यापारी, अनोळखी पोरं आणि कारागीर एका ग्रुपात म्हणजे कारागिराचा नंबर आपण वाटून टाकला. गावागावाचे छोटे ग्रुप करा, अथणीचा वेगळा, निपाणीचा वेगळा, प्रत्येकात तुमच्यातला एक आणि तिथला एक जाणता माणूस ॲडमिन. आणि हिथं एक नियम फार कडक पाळा, आधार कार्डाचा फोटो, बँक पासबुक, असलं काही ग्रुपात टाकायचं नाही. लोक टाकतात, भोळेपणानं टाकतात, नोंदणीला लागतंय म्हटलं की पहिला फोटो ग्रुपातच येतो. दिसला की लगेच डिलीट करायचा आणि त्या माणसाला फोन करून समजवायचं, ग्रुपात रागवायचं नाही. असली माहिती चुकून सुद्धा चेनवर जाता कामा नये हे तुम्हाला सांगायला नकोच, तिथनं पुसता येत नाही.

डिस्कॉर्ड. नवा सर्व्हर काढलात की सेटिंगमध्ये कम्युनिटी चालू करा, त्याशिवाय फोरम आणि घोषणा असले चॅनेल मिळत नाहीत. सुरुवातीला सहा-सात चॅनेल बास. एक नियमांचा, एक घोषणांचा, एक अधिकृत लिंकांचा, हे तिन्ही फक्त वाचायचे, लिहायचा हक्क तुमच्यातल्या दोघांना. मग एक गप्पांचा, एक मदतीचा, एक कोडचा, आणि एक फक्त मॉडरेटरना दिसणारा. चाळीस चॅनेलच्या टेम्प्लेटमध्ये काय होतं सांगू, नवा माणूस येतो, पस्तीस खोल्या रिकाम्या बघतो, कुठं विचारावं कळत नाही आणि गप निघून जातो. त्यापेक्षा एका खोलीत दाटी झाली, लोक तक्रार करायला लागले की हिथं कोडचं बोलणं आणि चपलेच्या मापाचं बोलणं एकत्र होतंय, की मग दुसरी खोली काढायची. चॅनेल मागणीनं वाढवा. आणि महिनाभर ज्यात कुणी बोललं नाही तो चॅनेल लपवून टाका, संकोच करू नका.

मदतीचा चॅनेल फोरम पद्धतीचा करा. प्रत्येक प्रश्नाचा वेगळा धागा, वर टॅग, क्यूआर, वॉलेट, ॲप, नोंदणी असे, सुटला की 'सुटला' टॅग. साध्या चॅनेलात प्रश्न वर वाहून जातो, उत्तर देणारा येईपर्यंत मध्ये पन्नास गुड मॉर्निंग येतात. यात एक मर्यादा आहे ती समजून घ्या, डिस्कॉर्डच्या आतलं गूगलला सापडत नाही. सहा महिन्यांपूर्वी कुणी छान समजावून सांगितलेलं नव्या माणसासाठी नसल्यासारखंच. म्हणून दर आठवड्याला एकानं बसून चांगली उत्तरं उचलायची आणि गिटहबवर (कोड ठेवायची साइट) किंवा तुमच्या साइटवर नीट लिहून ठेवायची. प्रोजेक्टचा निर्णय तर चॅटमध्ये घ्यायचाच नाही, बोला खुशाल, पण ठरलं ते गिटहबवर लिहिलं गेलं तरच ठरलं. नाहीतर रात्री दोन वाजता जागं असलेल्या तिघांचा निर्णय सगळ्यांवर येतो आणि सकाळी दुकान उघडणारा माणूस त्यात कुठंच नसतो.

आणि पिन केलेली माहिती शिळी होते हे ध्यानात ठेवा, ब्लॉकचेनमध्ये लई लवकर होते. तुमच्याच पॉलिगॉनचं घ्या. आधी टेस्टनेटचं नाव मुंबई होतं, एप्रिल २०२४ मध्ये ते बंद झालं, त्याच्या जागी आता अमॉय. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पॉलिगॉनच्या मॅटिक कॉइनचं पोल झालं. अजून कितीतरी सर्व्हरात जुने पिन तसेच आहेत, नवीन पोरगं मुंबई टेस्टनेटचं फॉसेट (चाचणीची कॉइन फुकट देणारी साइट) शोधत बसतं, सापडत नाही, मग गूगलवर भलतीच साइट उघडतं आणि तिथं वॉलेट जोडतं. जुना पिन म्हणजे नुसता गबाळेपणा नव्हे, धोका आहे. महिन्यातनं एकदा सगळे पिन तपासायचं काम कुणा एकाच्या नावावर लावा.

आता हक्क कुणाला काय, हे मन लावून वाचा. डिस्कॉर्डमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर नावाचा एक हक्क आहे, तो दिला की त्या माणसाला किंवा बॉटला सगळंच करता येतं, चॅनेलवरची कुठलीही बंदी त्याला लागत नाही. तो कुणाला देऊ नका, एकमेकांना पण नको. मॉडरेटरला मेसेज पुसणं, टाइमआउट देणं (काही वेळ लिहायचं बंद करणं), बाहेर काढणं एवढंच पुरतं. रोलची, म्हणजे हक्कांच्या पदांची, शिडी असते, वरचा रोल खालच्यावर हुकूम चालवतो, तर बॉटचा रोल तुमच्या खालीच ठेवा, फक्त ज्या रोलांचं वाटप त्यानं करायचंय त्यांच्या वर असला म्हणजे झालं. सगळ्यांना एकदम टॅग करायचा हक्क सामान्य मेंबरकडनं पहिल्याच दिवशी काढून घ्या. मॉडरेशन करणाऱ्याला टू-फॅक्टर (लॉगिनला पासवर्डशिवाय दुसरा कोड) सक्तीचं करा, सर्व्हरच्या सेफ्टी सेटिंगमध्ये ते आहे. व्हेरिफिकेशनची पातळी हाय ठेवा, म्हणजे सर्व्हरात येऊन दहा मिनिटं झाल्याशिवाय लिहिता येत नाही, दहा मिनिटं ऐकायला कमी वाटतात पण बॉटची टोळी बरीचशी तिथंच गळते. नको ते मेसेज आपोआप अडवणारा डिस्कॉर्डचा स्वतःचा ऑटोमॉड २०२२ पासून आहे, आधी तोच वापरा. त्यात शब्द घाला, सीड फ्रेज (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द), क्लेम, एअरड्रॉप (फुकट कॉइन वाटप), वॉलेट व्हेरिफाय, आणि त्याचे मराठी-कन्नड-हिंदी अवतार पण घाला कारण आपल्याकडचे चोर आपल्याच भाषेत येतात. नव्या मेंबरला लिंक टाकता येऊ नये. बाहेरचे बॉट जितके कमी तितकं बरं, प्रत्येक बॉट म्हणजे तुमच्या घराची आणखी एक किल्ली बाहेर.

सर्व्हर कसे फुटतात ते बघितलं की हे सगळं का ते पटेल. मे २०२२ मध्ये ओपनसीचा डिस्कॉर्ड फुटला, एनएफटीचा (ब्लॉकचेनवर मालकी नोंदवलेल्या डिजिटल वस्तूंचा) एवढा मोठा बाजार, आणि त्याच्या घोषणांच्या चॅनेलात यूट्यूबशी भागीदारी झाली, लवकर या म्हणून खोटी लिंक पडली. पुढच्याच महिन्यात बोअर्ड एप या माकडांच्या चित्रांच्या एनएफटीवाल्यांच्या कम्युनिटी मॅनेजरचं अकाउंट चोरांच्या हातात गेलं आणि सुमारे २०० ईथर (इथेरियमचं कॉइन) किमतीचे एनएफटी लोकांच्या वॉलेटातनं गेले. दोन्हीकडं ब्लॉकचेनला काही झालं नाही, चेन जशीच्या तशी होती. फुटला तो ज्याच्यावर लोकांचा विश्वास होता तो आवाज. लोकांनी लिंक दाबली कारण ती बरोबर जागी, बरोबर माणसाच्या नावानं आली होती.

अकाउंट कसं जातं तर बहुतेक वेळा पासवर्डनं नव्हेच. एक प्रकार क्यूआरचा, 'व्हेरिफाय करायला हा कोड डिस्कॉर्ड ॲपनं स्कॅन करा', तो असतो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तुमचं लॉगिन करून देणारा कोड. तुमचा प्रोजेक्टच क्यूआरचा आहे, तुमच्या लोकांना स्कॅन करायची सवय असणार, तर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा की चपलेवरचा कोड आपल्या ॲपमधनं किंवा फोनच्या कॅमेऱ्यानं स्कॅन करायचा, डिस्कॉर्डच्या ॲपमधनं कधीच नाही. दुसरा प्रकार बुकमार्कचा, मुलाखत घ्यायचीय म्हणून ओळख वाढवतात, मग व्हेरिफिकेशनच्या पानावरचं एक बटण ओढून ब्राउझरच्या बुकमार्कमध्ये टाकायला लावतात आणि ते दाबलं की लॉगिनचं टोकन (लॉगिन झाल्याची खूण, कॉइन नव्हे) जातं. टोकन गेलं की टू-फॅक्टर काही वाचवत नाही, कारण लॉगिन आधीच झालेलं असतं. म्हणून सर्व्हरचा मालक म्हणून एक वेगळंच अकाउंट ठेवा, त्यावरनं रोजच्या गप्पा नाहीत, कुणाचे मेसेज नाहीत, शक्यतो वेगळ्या ब्राउझरात. ज्या अकाउंटवरनं तुम्ही रोज बोलता त्याला सर्व्हर पाडायची ताकदच नको.

आणखी दोन बारीक गोष्टी. वेबहुक नावाची सोय असते, बाहेरनं चॅनेलात आपोआप मेसेज टाकायची, गिटहबची सूचना यावी म्हणून पोरं लावतात आणि विसरतात. तिचा पत्ता ज्याला मिळाला तो तुमच्या घोषणांच्या चॅनेलात हवं ते लिहू शकतो, पत्ता कोडमध्ये टाकून गिटहबवर चढवू नका आणि घोषणांच्या चॅनेलात वेबहुक ठेवूच नका. दुसरं, सर्व्हरची छान नावाची लिंक बूस्टवर, म्हणजे मेंबरांनी पैसे भरून सर्व्हरला दिलेल्या बढतीवर, मिळते. बूस्ट कमी झाले की ती सुटते आणि दुसरा कुणीही उचलू शकतो. तुमच्या पत्रकावर, चपलेच्या डब्यावर तीच लिंक छापलेली असली तर गिऱ्हाईक चोराच्या सर्व्हरात जाऊन बसलं. डब्यावर फक्त तुमच्या स्वतःच्या साइटचा पत्ता छापा, डिस्कॉर्डची लिंक साइटवर, म्हणजे बदलायची वेळ आली तर डबे फेकायला लागत नाहीत.

फुटलाच तर काय करायचं हे आधीच कागदावर लिहून ठेवा, चौघांच्या फोनात ठेवा. कोण इन्व्हाइट आणि पर्सनल मेसेज थांबवणार, डिस्कॉर्डमध्ये ते काही तास थांबवायची सोय आहे. कोण संशयित रोल आणि वेबहुक काढणार. कोण टेलिग्राम चॅनेलवर, साइटवर, व्हॉट्सॲपच्या गावच्या ग्रुपांत एकाच वाक्यात सांगणार की डिस्कॉर्डवरची कुठलीही लिंक दाबू नका. टेलिग्रामचा चॅनेल वेगळा ठेवायचं एक कारण हे पण आहे, एक जागा पडली तर ओरडायला दुसरी हवी, आणि दोन्हीचं ॲडमिन एकाच फोनवर नको. कुणी सही देऊन बसला असेल तर त्याला वॉलेटनं दिलेल्या परवानग्या मागे घ्यायला बसून मदत करा, सीड फ्रेजच दिली असेल तर उरलेलं लगेच नव्या वॉलेटात हलवायचं, आणि १९३० ला फोन, नाहीतर सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. जिल्ह्यात सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं) पोलीस ठाणं आहे, तिथं जाताना व्यवहाराचा हॅश (चेनवरचा ओळख क्रमांक), समोरच्या वॉलेटचा पत्ता आणि चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन जा, नुसतं क्रिप्टो गेलं म्हणून तोंडी सांगण्यात वेळ जातो. आणि फसलेल्या माणसाला ग्रुपात कुणी 'एवढं पण कळत नाही का' म्हटलं तर त्या म्हणणाऱ्याला थांबवा, ताबडतोब. लाज वाटली की माणूस गप बसतो, आणि तो गप बसला की पुढचे दहा जण त्याच लिंकवर जातात. पैसे परत मिळवून देतो म्हणणारा एक माणूस अर्ध्या तासात त्याच्या पर्सनलला येणारच, तो दुसरा चोर असतो हे पण त्याला आधीच सांगून ठेवा.

'टोकन कधी' या प्रश्नाचं. तुमच्या प्रोजेक्टला टोकन नाही आणि चपलेची नोंद ठेवायला ते लागत पण नाही. मग हे नियमांच्या चॅनेलात पहिल्या ओळीत लिहा, 'या प्रोजेक्टचं कुठलंही टोकन नाही, कुणी विकत असेल तर तो फसवतोय.' 'सध्या नाही', 'विचार चालू आहे' असलं मोघम लिहू नका, त्या मोघमपणावरच कुणीतरी तुमच्या नावाचं खोटं कॉइन काढतो. हे एकदा स्पष्ट झालं की आलेल्यातले निम्मे निघून जातील. जाऊ द्या, राहतील ते कामाचे. कॉइनच्या भावाच्या गप्पा, अमुक घ्या तमुक विका, हे पूर्ण बंद ठेवा, त्यासाठी वेगळा चॅनेल पण नको. आपल्याकडं क्रिप्टोच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस, आणि तोट्याची वजावट मिळत नाही, ग्रुपात कुणाच्या तरी सल्ल्यानं खरेदी करून बसलेल्या पोराला हे वर्षाअखेरीला कळतं. पुढं कधी खरंच टोकन काढायचं ठरलं तर ग्रुपात एक शब्द बोलायच्या आधी जाणत्या सीएला आणि वकिलाला भेटा.

वॉलेट जोडून रोल देणारे बॉट असतात, अमुक एनएफटी असेल तर अमुक चॅनेल दिसतो. बॉट चांगला असू शकतो, माझा विरोध सवयीला आहे. चॅटमधल्या लिंकवर जाऊन वॉलेट जोडायचं आणि सही द्यायची ही सवय आपणच आपल्या लोकांना लावायची आणि मग म्हणायचं खोट्या लिंकला फसू नका, हे जमत नाही. तुम्हाला त्याची गरज पण नाही. रोल द्या ते कामावर, ज्यानं बग सांगितला, ज्यानं कन्नड भाषांतर तपासलं, ज्यानं मदभावी गावात जाऊन दहा कारागिरांना ॲप शिकवलं. ते रोल हातानं द्या, घोषणेत नाव घेऊन द्या. दहा हजार विकत आणलेल्या मेंबरांत असा एक पण सापडत नाही, वर त्यांच्यामुळं खरा नवा माणूस आत आला की बघतो, दहा हजारांतले बोलणारे चार, आणि तुमच्यावरचा विश्वास तिथंच जातो.

भाषेचं मात्र नीट बोलूया, आपल्या भागात हे टाळून चालत नाही. कोल्हापुरी चपलेचं जीआय (भौगोलिक मानांकन) महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. म्हणजे तुमचा कारागीर मराठी पण आहे, कन्नड पण आहे, आणि निपाणी-अथणीकडचा कित्येक जण एका वाक्यात दोन्ही बोलतो. मला बरेच जण सांगतात की मराठी चॅनेल वेगळा, कन्नड वेगळा, इंग्रजी वेगळा करा. मी म्हणतो सुरुवातीला करू नका. मदतीचा फोरम एकच, ज्याला ज्या भाषेत जमतं त्यात विचारा, उत्तर देणाऱ्यानं विचारणाऱ्याच्या भाषेत द्यायचा प्रयत्न करावा, नाही जमलं तर दुसऱ्याला टॅग करावं. वेगळे चॅनेल केलेत की एका भाषेतल्या लोकांना चोरीची सूचना वेळेत मिळते आणि दुसऱ्यांना दोन दिवसांनी, शिवाय ज्या भाषेत रोज बघणारा मॉडरेटर नाही तो चॅनेल चोरांना मोकळा. त्या भाषेत दोन भरवशाचे मॉडरेटर मिळाले की मगच वेगळा चॅनेल. घोषणा मात्र पहिल्या दिवसापासून एकाच मेसेजमध्ये मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्ही एकदम, आधी एक आणि मग सवडीनं दुसरी असं नको. इंग्रजी-हिंदीतनं मशीननं केलेलं भाषांतर तसंच टाकू नका, त्या त्या भाषेच्या माणसाला एकदा वाचून दाखवा, विशेष करून जिथं 'हे करू नका' असं लिहिलंय तिथं.

आणि सीमावादावर सर्व्हरात चर्चा नाही, कुणाच्याच बाजूनं नाही. मत प्रत्येकाला आहे, मलाही आहे, ते मांडायला जागा बाहेर भरपूर आहेत. १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातला काळा दिवस) जवळ आला किंवा कुठं पाटीवरनं काही झालं की गप्पांच्या चॅनेलात एक मेसेज पडतो आणि तासाभरात चपलेचं कुणी बोलत नाही. तेवढे दिवस स्लो मोड लावा, मेसेजमध्ये पाच-दहा मिनिटांचं अंतर पडलं की पारा उतरतो. आणि कारवाई करणारा त्याच भाषेतला असावा, म्हणजे मराठी माणसाचा मेसेज मराठी मॉडरेटरनं पुसायचा, कन्नडचा कन्नड मॉडरेटरनं, कारण सांगून. हे लहान वाटतं पण यावर माणसं टिकतात.

मॉडरेटर कोण, तर तुम्ही चौघं पुरणार नाही. व्हीटीयूची (इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाची) परीक्षा आली की तुमच्यातले तिघं गायब होणार आणि चोर बरोबर तेव्हाच येणार. कारागिरांच्या घरातली शिकलेली पोरं-पोरी बघा, त्यांना दोन्हीकडचं कळतं. वाट्याला थोडा वेळ द्या, रोजचे दोन तास, आणि त्याचं मानधन द्या, थोडं का असेना. फुकटचं मॉडरेशन चार-पाच महिने चालतं मग माणूस वैतागून सोडतो आणि जाताना रोल तसाच राहतो. सोडला की रोल त्याच दिवशी काढायचा, राग म्हणून नव्हे, पद्धत म्हणून. कारवाईची शिडी साधी ठेवा, आधी सूचना, मग टाइमआउट, तो २८ दिवसांपर्यंत देता येतो, मग बाहेर. चोरीची लिंक टाकणाऱ्याला सूचना नाही, थेट बाहेर. प्रत्येक कारवाई मॉडरेटरच्या चॅनेलात एका ओळीत लिहायची, कुणी, कुणाला, का. आणि मॉडरेटर, ॲडमिन, तुम्ही स्वतः, कुणीही कुणाला स्वतःहून पहिला पर्सनल मेसेज करायचा नाही हा नियम वर लिहा आणि खरोखर पाळा. मॉडरेशनची सूचना द्यायची असली तर सर्व्हरातच त्या माणसापुरत्या खासगी धाग्यातनं द्या. एकदा जरी तुमच्यातल्या कुणी 'जरा पर्सनलला ये रे' म्हटलं की तो नियम मेला.

रविवारी संध्याकाळी आवाजाची एक बैठक ठेवा, अर्धा-पाऊण तास, स्टेज चॅनेलवर, बोलणारे दोघं-तिघं आणि प्रश्न. टाइप करायला संकोच वाटणारी माणसं ऐकायला येतात आणि हळूहळू बोलायला लागतात, तुमचे आवाज ओळखीचे होतात. दोन महिन्यांतनं एकदा प्रत्यक्ष भेटा, बेळगावात नको नेहमी, कधी अथणीत, कधी निपाणीत कारागिराच्या दुकानात. ज्यानं तुम्हाला समोर बघितलंय त्याला तुमचा खोटा आवाज लवकर ओळखू येतो.

सर्व्हर लावून झाला की लिंक लगेच बाहेर टाकू नका. आधी चार-पाच जणांना आत घ्या ज्यांना डिस्कॉर्ड माहीत नाही, त्यातली दोन कारागिरांच्या घरची असावीत, आणि त्यांच्या शेजारी बसून काही न सांगता बघा. नियम कुठं आहेत सापडले का, क्यूआर स्कॅन होत नाही हा प्रश्न कुठं विचारायचा कळलं का. आणि दुसऱ्या अकाउंटवरनं तुमच्यापैकी एकाचं नाव-फोटो लावून त्यांना 'सपोर्टकडनं बोलतोय, सीड फ्रेज पाठवा' असा मेसेज टाकून बघा, त्यांच्या घरच्यांना आधी कल्पना देऊन. ज्यानं उलट विचारलं 'तुम्ही तर पहिला मेसेज करत नाही ना' तो तयार आहे. ज्यानं पाठवली त्याला लगेच सगळं सांगा, ती फ्रेज परत कधी वापरायची नाही म्हणून नवं वॉलेट तिथंच काढून द्या, आणि नियमांचा मजकूर परत लिहा, तो त्याला का कळला नाही ते त्यालाच विचारून.